सरकारी हायस्कूलची पारख : निकालाच्या टक्केवारीचा इतिहास

दहावीचा निकाल जाहीर झाला की चार-आठ दिवसांत शहरातील चौकाचौकांत फलक झळकू लागतात. ‘निकाल १०० टक्के’ ही अक्षरे सर्वांत मोठी, त्याखाली पहिल्या पाच विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि तळाशी प्रवेश सुरू असल्याची सूचना. पेढीवर, मंदिराच्या ओवरीत अथवा एखाद्या लग्नकार्यात पालकांमध्ये शाळाप्रवेशाची चर्चा निघाली म्हणजे पहिला प्रश्न निकालाचाच असतो. शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची वा नगरपालिकेची असेल तर बहुधा हा एकच प्रश्न विचारला जातो. उत्तर नव्वदीच्या खाली आले की विषय तेथेच संपतो.

व्यापारी समाजाला माप घेण्याची सवय पिढ्यान्पिढ्यांची आहे. कापड खरेदी करताना पन्हा, पोत व रंगाचा पक्केपणा पाहणारा आणि थान उलगडून उलटी बाजूही तपासणारा गृहस्थ मुलाच्या शाळेचा निर्णय मात्र फलकावरील एका आकड्यावर घेतो, ही बाब काहीशी आश्चर्याचीच म्हणावी लागेल. हा आकडा मुळात कोठून आला, कोणत्या हेतूने आला आणि सरकारी हायस्कूलांच्या बाबतीत त्याने काय दाखविले व काय झाकले, हा इतिहास म्हणूनच जाणून घेण्याजोगा आहे. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलच्या उदाहरणाने तो अधिक स्पष्ट होतो, कारण दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाच्या तीन-चार पिढ्यांचा या शाळेशी निकटचा संबंध आला आहे.

परीक्षेपूर्वीची शाळा

कोल्हापूर संस्थानात इंग्रजी शाळेची स्थापना १८५१ साली झाली. याच शाळेतून पुढे राजाराम हायस्कूल आणि १८८० साली राजाराम कॉलेज आकारास आले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे वडील संस्थानच्या नोकरीत होते, त्यामुळे रानडे यांचे प्रारंभीचे इंग्रजी शिक्षण कोल्हापुरातच झाले. १८५७ च्या सुमारास ते पुढील शिक्षणासाठी मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत गेले.

रानडे कोल्हापुरात शिकत असताना बाहेरची अशी कोणतीही सार्वजनिक परीक्षा अस्तित्वात नव्हती. शाळा बरी की वाईट हे ठरविण्याची साधने तेव्हा दोनच होती. मास्तर कसा आहे हे गावाला ठाऊक असे, आणि मुलाला काय येते हे घरात दिसे. मुलगा पत्र लिहू शकतो का, हिशेब मांडू शकतो का, इंग्रजी कागद वाचून त्याचा अर्थ सांगू शकतो का, एवढ्यावर वडीलधारी मंडळी शाळेचे मोल करीत. १८५४ च्या वूडच्या खलित्यानंतर १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते सुरू झाले आणि शाळा तपासणारे अधिकारी नेमले गेले. ग्रामीण भागात ज्यांना ‘दिपोटी’ म्हणत त्या डेप्युटी इन्स्पेक्टरांची फेरी ही शाळेच्या दृष्टीने वर्षातील मोठी घटना असे. ते वर्गात बसत, मुलांना उभे करून वाचायला लावीत, फळ्यावर गणित घालीत, हजेरीपट ताडून पाहत आणि जाताना शेरेबुकात आपला अभिप्राय लिहीत. या तपासणीत धाकदपटशा पुष्कळ होता हे खरे, परंतु ती सर्व वर्गांची व सर्व मुलांची होती हेही तितकेच खरे.

मॅट्रिकचा उदय

१८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि १८५९ साली पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक्युलेशन, घेण्यात आली. परीक्षेला बसलेल्या शंभरावर उमेदवारांपैकी जेमतेम वीस-बावीस उत्तीर्ण झाले. रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांत होते. येथे एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. शाळा कशी चालली आहे हे पाहण्यासाठी ही परीक्षा निर्माण झालेली नव्हती. कॉलेजात कोणाला घ्यावे आणि कोणाला घेऊ नये हे ठरविण्यासाठी विद्यापीठाने ती आपल्या दारावर बसविलेली चौकी होती. चौकीतून किती जण आत गेले, यावरून गावातील सर्वांची प्रकृती कशी आहे हे कळत नाही. तथापि पुढील पन्नास वर्षांत घडले ते नेमके हेच. सरकारी नोकरीला मॅट्रिकचा दाखला लागू लागला, वर्तमानपत्रांत निकाल छापून येऊ लागले आणि ‘अमुक शाळेचे किती मुलगे मॅट्रिक झाले’ हीच शाळेची ओळख बनली.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे राजाराम हायस्कूलचे विद्यार्थी. वडिलांचे निधन झाल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली. त्यांचा पगार महिना १५ रुपये होता आणि त्यातील ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवीत. गोपाळराव १८८१ साली मॅट्रिक झाले. त्या यशाची किंमत निकालाच्या यादीत दिसत नाही, ती गोविंदरावांच्या ७ रुपयांतील संसारात दिसते. दरबारने चालविलेली शाळा सर्वांसाठी खुली होती खरी, पण परगावच्या मुलाला जेवण, राहणे, पुस्तके व फी मिळून एका कारकुनाचा निम्म्याहून अधिक पगार लागत असेल, तर ती किती जणांना खुली होती हा प्रश्न उरतोच.

ब्रिटिश मुलखात याच काळात आणखी एक प्रथा सुरू झाली, तिला ‘निकालानुसार अनुदान’ म्हणता येईल. मूळ कल्पना इंग्लंडातील, १८६२ च्या सुमाराची. परीक्षकाने घेतलेल्या परीक्षेत जितकी मुले जितक्या विषयांत उत्तीर्ण होतील, त्या हिशेबाने खाजगी शाळेस सरकारी अनुदान मिळायचे. वरवर पाहता हा चोख व्यवहार वाटतो. पैसा सरकारचा, माल शाळेचा, आणि मालाची प्रत पाहून दाम. परंतु मूल म्हणजे माल नव्हे, आणि मास्तरही माणूसच. जी मुले हमखास उत्तीर्ण होतील त्यांच्याकडे लक्ष जाऊ लागले, परीक्षेत येणारे तेवढेच घोकून घेतले जाऊ लागले. अखेर लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीतील १९०४ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावात परीक्षांच्या वर्चस्वावर कडक टीका झाली आणि ही पद्धत मागे पडली. अनुदान निकालापासून सुटले. पालकांची नजर मात्र सुटली नाही.

सरकारी हायस्कूलांना खाजगी शाळांशी तुलनेला तोंड द्यावे लागले तेही याच सुमारास. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. अल्पावधीत या शाळेच्या विद्यार्थ्यांनी मॅट्रिकमध्ये नाव कमावले, संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली, आणि १८८२ साली शिक्षण आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनी शाळेस भेट देऊन तिची प्रशंसा केली. हंटर आयोगाने पुढे अशी शिफारस केली की, माध्यमिक शिक्षणातून सरकारने क्रमाक्रमाने अंग काढावे, ते खाजगी प्रयत्नांकडे सोपवावे व जिल्ह्यागणिक एखादे आदर्श सरकारी हायस्कूल तेवढे ठेवावे. म्हणजे एकीकडे सरकारी शाळा हा नमुना ठरविला गेला आणि दुसरीकडे त्या नमुन्याची संख्या मर्यादित ठेवण्यात आली. महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार आजतागायत खाजगी अनुदानित संस्था वाहत आहेत, त्याचे मूळ या शिफारशीत आहे.

वसतिगृहाने दार मोठे केले

राजर्षी शाहू छत्रपतींनी हे ओळखले होते की, संस्थानात चांगले हायस्कूल असणे आणि खेड्यातील मुलाला तेथे शिकता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिरोळ, हातकणंगले, कागल या भागांतील शेतकरी जैन कुटुंबांतील मुलाला कोल्हापुरात राहण्यास जागा नसेल, तर राजाराम हायस्कूलचा निकाल कितीही उत्तम असला तरी तो त्याच्या काय कामाचा? ३ एप्रिल १८९९ रोजी स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या धुरीणांनाही हीच निकड जाणवली होती. १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंगपाठोपाठ दिगंबर जैन बोर्डिंग उभे राहिले, आणि त्यास महाराजांचा उदार आश्रय लाभला. पुढे सभेने सांगली, बेळगाव, हुबळी येथेही वसतिगृहे काढली. सभेच्या स्थापनेत अग्रभागी असलेले आण्णासाहेब लठ्ठे हे राजाराम कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक होते, पुढे १९२६ ते १९३० या काळात ते कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ साली मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री. वसतिगृह व सरकारी शाळा यांची ही जोडी समाजाला किती फलदायी ठरली हे सांगण्यास एवढे एक नाव पुरेसे आहे.

पण या ठिकाणी दुसरे नाव अधिक बोलके आहे. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेले भाऊराव पायगोंडा पाटील १९०२ साली राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले व जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. अभ्यासात त्यांची गती बेताची होती. कुस्ती, पोहणे, मित्रमंडळ यांत मन रमे. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परत आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, यावरून बोर्डिंगच्या व्यवस्थापनाशी खटका उडाला व त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. समाजाच्या इतिहासातील हा प्रसंग झाकण्यासारखा नाही आणि झाकण्याचे कारणही नाही, कारण पुढे याच समाजाने कर्मवीरांचा गौरव अभिमानाने केला. शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला, तरीही इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांची मजल गेली नाही. मॅट्रिकच्या हिशेबात हा विद्यार्थी शाळेच्या खर्चाच्या बाजूलाच मांडावा लागेल. त्याच विद्यार्थ्याने ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू केले आणि खेड्यापाड्यांत शेकडो शाळांचा पाया घातला. पुणे विद्यापीठाने १९५९ साली त्यांना सन्माननीय डी. लिट. दिली.

राजाराम हायस्कूलला भाऊराव ‘घडविण्याचे’ श्रेय द्यावे असे येथे सुचवायचे नाही. कोणतीही शाळा असा माणूस ठरवून घडवीत नाही. सांगायचे ते एवढेच की, दरबारच्या शाळेने ज्यांना आत घेतले त्यांत गोखलेही होते व भाऊरावही होते, आणि टक्केवारीच्या कोष्टकात यांपैकी एकालाच जागा मिळते.

१९१९ साली राजाराम हायस्कूल व कॉलेजचा कारभार आर्यसमाजाकडे देण्यात आला, काही वर्षांनी तो पुन्हा दरबारकडे आला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि संस्थानी शाळा राज्याची झाली. भवानी मंडपातील मेन राजाराम हायस्कूल पुढे जिल्हा परिषदेकडे आले.

एस.एस.सी. आणि शंभर टक्के

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली. १ जानेवारी १९६६ रोजी राज्य मंडळ अस्तित्वात आले. १९७५ पर्यंत अकरावीअखेर होणारी ही परीक्षा नव्या आकृतिबंधानुसार दहावीअखेर होऊ लागली. मंडळाची गुणवत्ता यादी प्रसिद्ध होत असे त्या काळात ‘बोर्डात आलेला’ मुलगा गावाचे भूषण असे, आणि त्याची शाळा सरकारी आहे की खाजगी, मराठी माध्यमाची आहे की इंग्रजी, याकडे कोणाचे लक्षही जात नसे. यादी बंद झाली तशी टक्केवारीच्या फलकाने तिची जागा घेतली.

या टक्केवारीवर किती भिस्त ठेवावी, याचे उत्तर अलीकडच्या तीन वर्षांनी दिले आहे. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली भाषा व सामाजिक शास्त्रांचे २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन काढून टाकण्यात आले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. २०२० साली अंतर्गत गुण परत आले, टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरी गुण देण्यात आले, आणि निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ साली परीक्षाच झाली नाही व निकाल लागला ९९.९५ टक्के! शाळा त्याच, शिक्षक तेच आणि मुलेही त्याच घरांतील. वाराची पट्टीच दरवर्षी बदलली तर कापड वाढले की आटले, हे कोण सांगू शकेल?

पट्टी एक वेळ बाजूला ठेवली तरी छेदाचा प्रश्न उरतो. निकालाची टक्केवारी ही परीक्षेला बसलेल्यांवर काढली जाते, शाळेत दाखल झालेल्यांवर नव्हे. उदाहरणादाखल समजा, एका शाळेत आठवीला ६० मुले होती. नववीत काहींना थांबविले, काहींच्या पालकांना बोलावून दाखला नेण्यास सुचविले, काहींकडून खाजगी उमेदवार म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून घेतला. दहावीला शाळेमार्फत ४० बसली व ४० उत्तीर्ण झाली. निकाल १०० टक्के. दुसऱ्या शाळेत आठवीच्या ६० पैकी ५७ दहावीला बसली व ५१ उत्तीर्ण झाली. निकाल ८९.४७ टक्के. फलक पहिल्या शाळेचा लागेल. परंतु ६० मुलांपैकी दहावी पार केलेली मुले पहिल्या शाळेत ४० आणि दुसऱ्या शाळेत ५१ आहेत, हा हिशेब कोणत्याही फलकावर लिहिलेला नसतो. १७ नंबरचा फॉर्म शिक्षण सुटलेल्यांना पुन्हा संधी मिळावी म्हणून आहे, आणि त्याचा असा उपयोग होणे हे निकालानुसार अनुदानाच्या काळातील जुन्या दुखण्याचेच नवे रूप आहे.

सरकारी व अनुदानित शाळांच्या आकड्यांवरही डोळे झाकून विश्वास ठेवावा अशी स्थिती नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर झालेल्या पटपडताळणीत कित्येक शाळांच्या हजेरीपटावरील मुले प्रत्यक्षात नव्हतीच असे आढळून आले. निकालासाठी मुले कमी दाखवायची आणि अनुदानासाठी जास्त, ही दोन्ही टोके महाराष्ट्राने पाहिली आहेत.

शाळेत मिळते काय

शाळा पाहण्याची दुसरी बाजू म्हणजे तेथे काय काय उपलब्ध आहे ही. याबाबतीत जैन पालकांना परिचित असे एक उदाहरण म्हणजे अर्धमागधी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई विद्यापीठाने या भाषेला अभ्यासक्रमात स्थान दिले, पुढे शालेय परीक्षेतही संस्कृत, पाली यांच्याप्रमाणे अर्धमागधी घेता येऊ लागली. राजाराम कॉलेजात १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी ही भाषा शिकविली. आगमांच्या भाषेचा जागतिक कीर्तीचा अभ्यासक एका सरकारी कॉलेजात सामान्य घरांतील मुलांना उपलब्ध होता, ही केवढी मोठी गोष्ट! ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबर प्राकृत भाषेलाही अभिजात दर्जा दिला. सभासभांतून त्याचे स्वागत झाले. मात्र शाळेत प्रवेश घेताना ‘आपल्याकडे अर्धमागधी शिकविण्याची सोय आहे काय’ असे विचारणारा पालक विरळाच. विचारले तर ते ‘गुण चांगले पडतात का’ एवढ्यापुरतेच. विद्यार्थी मागत नाहीत म्हणून शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी मागत नाहीत.

शुल्काचा इतिहास पाहिल्यास गोविंदरावांच्या ८ रुपयांचे ओझे राज्याने टप्प्याटप्प्याने उतरविले आहे. यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत, १९५९-६० च्या सुमारास, कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना ई.बी.सी. सवलत मिळाली. १९८० च्या दशकात मुलींचे बारावीपर्यंतचे शिक्षण निःशुल्क झाले. २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. आठवीत घेतली जाणारी आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा ही अशीच एक सोय आहे. तीत निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, परंतु ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे. सातवीनंतर मुलाला विनाअनुदानित शाळेत हलविणाऱ्या बेताच्या उत्पन्नाच्या पालकाला आपण ही संधी सोडत आहोत याची बहुतेक वेळा कल्पनाही नसते.

उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. मे २०१२ पासून राज्यात शिक्षकभरतीवर निर्बंध आले आणि पवित्र प्रणालीद्वारे भरती सुरू होईपर्यंत बरीच वर्षे गेली. त्या काळात गणित-विज्ञानाची पदे कित्येक शाळांत रिक्त राहिली. एकाच शिक्षकाने तीन विषय ओढणे, प्रयोगशाळेच्या कपाटाला वर्षभर कुलूप असणे, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसणे, ही चित्रे काल्पनिक नाहीत. अशा शाळेत मूल घालण्यास पालक कचरले तर त्यांना दोष देता येणार नाही.

तथापि या रिक्त पदांचा आणि प्रवेशाच्या निर्णयाचा एक संबंध आहे, तो सहसा ध्यानात घेतला जात नाही. सरकारी व अनुदानित शाळेत शिक्षकांची किती पदे मंजूर व्हावीत हे संचमान्यतेने ठरते, आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर अवलंबून असते. शहाणीसुरती पन्नास घरे एका शाळेतून बाहेर पडली की पट घसरतो. पट घसरला की तुकडी जाते, तुकडीबरोबर शिक्षक अतिरिक्त ठरून अन्यत्र जातो, आणि पुढील वर्षी ‘तेथे विषयाला शिक्षकच नाही’ हे कारण आणखी पन्नास घरांना मिळते. ज्यांना दुसरीकडे जाणे परवडत नाही त्यांची मुले तेवढी मागे उरतात. ज्या समाजाने एकेकाळी वसतिगृहे बांधून आपली मुले राज्याच्या शाळेपर्यंत पोहोचविली, त्याच समाजातील सुस्थित कुटुंबे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्या शाळांच्या दारापासून दूर गेली, आणि याचा हिशेब कोणत्याही अहवालात मांडला गेलेला नाही.

आज शाळेविषयीची माहिती पूर्वीपेक्षा अधिक सुलभ आहे. यू-डायस प्रणालीत प्रत्येक शाळेची वर्गवार पटसंख्या, शिक्षकांची संख्या व भौतिक सुविधा कोणालाही पाहता येतात. २०१५ सालापासून ‘शाळासिद्धी’ अंतर्गत शाळांचे स्वयंमूल्यमापन सुरू झाले, पण स्वतःची तपासणी स्वतःच केली की तिचे गुण जरा सैल हातानेच पडणार! त्यापेक्षा जुन्या दिपोटींची रीत पालकाला अधिक उपयोगी पडेल. दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुले होती आणि यंदा दहावीला शाळेमार्फत किती बसली, हे दोन आकडे प्रथम घ्यावेत. गणित, विज्ञान व इंग्रजीची मंजूर पदे किती व भरलेली किती, हे विचारावे. नववीच्या एखाद्या मुलाची वही उघडून तीत शिक्षकाची तांबडी शाई दिसते का ते पाहावे, कारण ती शाई प्रवेशाच्या हंगामापुरती आणता येत नाही. प्रयोगवही दुकानातून उतरविलेली आहे की प्रयोग करून लिहिलेली, हे तर मुलाला दोन प्रश्न विचारताच कळते. आणि दहावीत चाळीस-पन्नास टक्के मिळविलेली मुले पुढे कोठे गेली, हे मुख्याध्यापकांना विचारावे. पहिल्या पाचांचे उत्तर प्रत्येक शाळेकडे तयार असते. या मुलांची नावे घेऊन अमुक आय.टी.आय.ला गेला, अमुकीने वाणिज्य शाखा घेतली, असे जे मुख्याध्यापक सांगू शकतात, त्यांच्या शाळेचा निकाल ८५ टक्के असला तरी तेथे आणखी अर्धा तास थांबून वर्ग पाहावेत.

प्रत्येक शाळेच्या कार्यालयात ‘जनरल रजिस्टर’ नावाचे एक जाडजूड बांधणीचे पुस्तक असते. शाळेत पाऊल ठेवलेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते. नाव, जन्मतारीख, प्रवेशाचा दिनांक, पूर्वीची शाळा, प्रगती, वर्तणूक, आणि अगदी शेवटी शाळा सोडल्याचा दिनांक व कारण. निकालाच्या फलकावर न आलेले विद्यार्थीही या पुस्तकात असतात. मुख्याध्यापकांनी मुलांची नावे उघड करू नयेत हे योग्यच, परंतु गेल्या तीन वर्षांत किती दाखले दिले गेले आणि ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात काय लिहिले गेले, एवढे त्यांनी पालकाला सांगण्यास काही हरकत नसावी.